दगडाआत्याचा पालथा तवा

राजेश्वरीच्या गोष्टीतल्या बायका ढग बांधून ठेवायच्या. त्यांच्या गुप्त संघटनेचं नाव काजळमंडळ. त्यांच्या राज्यात ही विद्या बंद केलेली होती, करताना सापडली तर बाईला हद्दपार करायचे. म्हणून मंडळातल्या बाया एकमेकींना कानामागच्या काजळाच्या ठिपक्यावरून ओळखायच्या. ढग बांधायचा असला की अंगणात लोखंडी तवा पालथा टाकायच्या. ज्या बाईने तवा टाकला तिनेच तो सरळ केला तर पाऊस मोकळा. दुसऱ्या कुणी हात लावला, तर त्या गावावर बारा वर्षं ढग फिरकायचा नाही. पंधरा वर्षांची तारा ही विद्या चोरून शिकते, इथून कादंबरी सुरू होत होती.

ही कादंबरी राजेश्वरी मोबाईलवर लिहायची. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत ती शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारे लोखंडी दांडे, मोजून तपासायच्या कामाला होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि इथे लागली. मोनिका नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची, आणि दर शनिवारी कादंबरीचा एक भाग वाचनाच्या ॲपवर टाकायची. तिच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नव्हतं. घरातली पुस्तकं म्हणजे तिच्या डिप्लोमाची आणि देव्हाऱ्यातली पोथी. त्यामुळे गोष्ट लिहिताना काय कुठून घ्यायचं, काय झाकायचं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. समोर दिसलं ते घेतलं.

समोर दिसली ती दगडाआत्या. राजेश्वरीच्या वडिलांची थोरली बहीण. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिचं नाव दगडाबाई ठेवलं, आणि ती दगडासारखीच टिकली. दोघींचं गाव एकच, मिरजगावजवळचं, कोरडवाहू. गावाच्या शिवेवर आबासाहेबांची वीटभट्टी. आत्याचा नवरा तिथे कामाला होता. तो गेल्यावर आबासाहेबांनी तिला भट्टीची राखण करायला ठेवून घेतलं. पावसाळ्यात भट्टी बंद, मजूर आपापल्या गावी, आणि तिथल्या पत्र्याच्या खोलीत आत्या एकटी. सोबतीला एक शेळी.

वैशाखात राजेश्वरी तिच्याकडे गेली होती, तेव्हा अवकाळी ढग आले होते. भट्टीवर कच्च्या विटा वाळत होत्या. आत्याने विटांवर प्लास्टिकचा कागद ओढला, घरातला जुना तवा आणला आणि अंगणात पालथा टाकला. त्यात नवल काहीच नव्हतं. गारा यायला लागल्या की राजेश्वरीची आईही अंगणात तवा टाकायची. अख्खं गाव टाकायचं. ढग दुपारनंतर निघून गेले. तवा उचलायचं आत्याच्या लक्षातून गेलं, कारण भाकरीचा तवा वेगळा होता. महिन्याने राजेश्वरी परत आली तरी तो तिथेच, कडेने गंजाची तांबडी रेघ उठलेली. राजेश्वरी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. काजळमंडळ त्या तव्याखालून निघालं.

आषाढात तिने तो भाग टाकला, ज्यात तारा पहिल्यांदा मंडळातल्या म्हाताऱ्या बाईकडे जाते. म्हातारीच्या दारात मोडक्या पायाखाली वीट लावलेली खाट, गळ्यात लाल चिंधी बांधलेली शेळी, मागे थंडावलेली भट्टी, अंगणात पालथा तवा. वाचणाऱ्यांनी लिहिलं, अगदी डोळ्यासमोर उभं राहिलं. राजेश्वरीला आठवडाभर जमिनीवर पाय असल्यासारखं वाटत नव्हतं.

मग श्रावण लागला आणि पाऊस गेला. उडीद फुलात आला होता. बाजरी निसवायला, कणसं बाहेर पडायला आलेली. रोज आभाळ भरायचं, वारा सुटायचा आणि ढग तसेच पुढे जायचे.

कंपनीत कामावर मोबाईल जमा करावा लागायचा. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत राजेश्वरीने तो हातात घेतला, तर गावच्या ग्रुपवर खाली संपेचनात इतके मेसेज. बिभीषणने तिच्या कादंबरीचा तो भाग टाकला होता. बिभीषण भावकीतला, ट्रॅक्टर चालवायचा, तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. वर त्याने लिहिलं होतं, ‘आपल्या गावच्या लेखिका, अभिमान आहे.’ खाली कुणीतरी लिहिलं होतं, हे तर दगडाबाईचं घर. त्याखाली दुसऱ्याने, तवा खरंच हाय का रं तिथं? आणि त्याखाली फोटो. आत्याचं अंगण, आत्याचा तवा, पालथा.

पुढचं वाचताना राजेश्वरीच्या हातातली पोळी तशीच राहिली. विटा भिजू नयेत म्हणून वैशाखात पाऊस बांधला. बांधला तर बांधला, सोडायचा राहिला. बाई वय झाल्यामुळे विसरली असंल. न्हाई तर मुद्दाम.

तिने तिथेच लिहिलं, ‘ही सगळी गोष्ट काल्पनिक आहे. आत्याचा काही संबंध नाही.’

बिभीषणचं उत्तर लगेच आलं. ‘ताई, तूच लिहिलंय, मंडळातली बाई विचारलं तर नाहीच म्हणते. शपथ असते तिला.’

संध्याकाळी मोनिकाला सांगितलं तर ती म्हणाली, "पोलिसांत जा. जादूटोण्याचा कायदा आहे. एकेकाला आत टाकतील."

"टाकतील. आणि सुटून आल्यावर आत्या कुणाच्या गावात राहणार?"

"मग कादंबरी काढून टाक ॲपवरनं."

"काढली तर म्हणतील, बघा, भेद फुटला म्हणून काढली."

मोनिकाने तो भाग मोबाईलवर उघडून पाहिला. मग म्हणाली, "चांगलं लिहिलंयस गं तू. तेच चुकलं."

सुट्टीच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. भट्टीवर माणसं येणार होती, आत्याला तवा सरळ करायला सांगायला. राजेश्वरी पहाटेच निघाली. नगरला एसटी बदलली, सोलापूर रोडला लागली, आणि खिडकीशी बसून मोबाईलवर पुढचा भाग लिहायला घेतला. लोक कादंबरीवर विश्वास ठेवतात ना, मग कादंबरीच त्यांना गप्प करेल. तिने लिहिलं, म्हातारीने राखेचे हात जोडले आणि तवा सरळ केला. पाऊस मोकळा झाला, आणि म्हातारीवरचा सगळा आरोप... इथे तिचा अंगठा थांबला. तवा सरळ केल्यावर पाऊस आला, तर आरोप जाणार कसा? तो खराच ठरणार. तिने सगळं पुसून टाकलं. मिरजगाव येईपर्यंत तिने मोबाईलला हात लावला नाही.

आत्या अंगण झाडत होती. तव्याच्या भोवतीने झाडत होती.

"आलीस व्हय. चहा टाकते. दूध न्हाई, काळा चालंल का? दूधवाला पोरगा परवापासनं इकडं येईना झालाय."

"आत्या, ते लोक आले की तू काय म्हणणार आहेस?"

"काय म्हननार. करते की सरळ. तवाच हाय, काय डोंगर हाय का?"

"आणि सरळ केल्यावर पाऊस आला तर?"

"मंग बरंच झालं. पिकं वाचतील."

"आणि पुढच्या वर्षी नाही आला तर? कुणाच्या दारात येतील ते?"

आत्याने झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "आन् आज केला न्हाई तर?"

तेवढ्यात माणसं आलीच. पुढे आबासाहेब, मागे बिभीषण आणि आणखी पाच-सहा जण. सगळे तव्यापासून लांब, कुंपणाला धरून उभे राहिले. तो किती लांब आहे, हे प्रत्येकजण नजरेने मोजत होता.

"दगडाबाई," आबासाहेब म्हणाले, "माझा काय असल्या गोष्टीवर इश्वास न्हाई. पन गाव ऐकंना. तेवढा तवा सरळ करून टाक, इषय मिटला."

"तुमचा विश्वास नाही तर तुम्हीच करा की सरळ," राजेश्वरी म्हणाली.

आबासाहेब खाकरले. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "बारा वर्सं." आबासाहेबांनी वळून पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

बिभीषण पुढे आला. "ताई, मी काय वैरी हाय का? तुझा पयला वाचक मी हाय. पन एकदा उडदाकडं बघ. फुलं गळाया लागली."

"बिभीषण, ती गोष्ट मी सुप्यात खोलीवर बसून रचली."

"रचली म्हनती. मंग खाट मोडक्या पायाची कशी? शेळीच्या गळ्यात लाल चिंधी कशी?"

"आत्याची बघून लिहिली."

"मंग तवा बी बघूनच लिहिला की."

कुणी हसलं नाही. आत्या मात्र तव्याच्या दिशेने निघाली होती. पदर खोचलेला, हात पुढे. राजेश्वरीने तिचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली, आत्याला आणि सगळ्यांनाच. "आमच्याकडे शाफ्ट तपासणीला लावला की मध्येच कुणी हात लावत नाही. लावला तर ती तपासणी बाद. हा तवा असाच पालथा राहू द्या. असाच असताना पाऊस आला, तर तव्याचा आणि पावसाचा संबंध नाही, हे तुम्हाला मानावं लागेल."

"आन् न्हाईच आला तर?" आबासाहेबांनी विचारलं.

राजेश्वरी बोलायच्या आधी आत्या बोलली. "तर मी जाते हितनं. पोळ्यापर्यंत बघा. पोळ्याला बी कोरडंच असलं, तर तवा सरळ करीन आन् शेळी घिऊन जाईन. तुमच्या डोळ्यापुढं र्‍हानार न्हाई."

"आत्या."

"गप. तू लिहिलंस, आता मला बोलू दे."

पोळा नऊ-दहा दिवसांवर होता. आबासाहेबांनी माणसांकडे पाहिलं. माणसं आभाळाकडे बघत होती. शेवटी ते म्हणाले, "पोळ्यापर्यंत."

"पण मधल्या काळात तवा कुणी हलवला नाही, याला साक्षीदार पाहिजे," राजेश्वरी म्हणाली. "आमच्या घरातला नको. बिभीषण, तू बस."

"मी?"

"पहिला वाचक ना तू?"

बिभीषणची मान ताठ झाली. त्या संध्याकाळपासून तो रिकाम्या वेळात कुंपणाबाहेर, लिंबाखाली बसायला लागला. उसाच्या हंगामात तोडणीची टोळी घेऊन जायचा तेव्हाही त्याच्यावर कुणी एवढी जोखीम टाकली नव्हती. घरी जाताना तव्याचा फोटो काढायचा आणि परत आल्यावर काढायचा. दोन्ही राजेश्वरीला पाठवायचा. खाली लिहायचा, ‘पालथा.’

राजेश्वरी सुप्याला परतली आणि तिची झोप उडाली. मोबाईलवर हवामान बघायचं, गावचं, मिरजगावचं, कर्जतचं. सगळीकडे कोरडा सूर्य. तिने गणित मांडून पाहिलं. श्रावणात पाऊस लांबलेला तिने आधीही पाहिला होता, पोळ्यानंतरही लांबलेला पाहिला होता. आपण आत्याचं घर आभाळावर लावलं. तपासणी म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पण तपासणीत शाफ्ट बाद झाला तर भंगारात जातो. इथे भंगारात आत्या जाणार होती. एकदा हातातला शाफ्ट तिने दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. सुपरवायझरने विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, बरी आहे.

पोळा चार दिवसांवर असताना आत्याचा फोन आला. आत्या आपण होऊन फोन करायची नाही.

"गोजरबाई आलती," आत्या म्हणाली. गोजरबाई म्हणजे बिभीषणची आई. "रडली माझ्या दारात. म्हनली, दगडाबाई, पाया पडते, तेवढा सरळ करा. मला कसंतरीच झालं गं. तिची माझी लग्नं एकाच सालात झाली."

"केलास का सरळ?"

"न्हाई. तिचं पोरगंच म्हनलं, आई, तपासनी चाललीया, हात लावू नको." मग आत्याने आवाज खाली आणला. "राजी, एक इचारू? मीच तर बांधला नसंल ना?"

"काय?"

"त्या दिवशी तवा टाकताना मी म्हनले हुते. जा बाबा, विटा कच्च्या हायत, आता येऊ नको. आन् गेलता की तो. मनापासनं म्हनले हुते गं मी."

राजेश्वरी कंपनीच्या गेटबाहेर उभी होती. रस्त्यावरून पुण्याकडे ट्रक जात होते. तिला वाटलं होतं, घाबरायचं ते गावाला. आत्या स्वतःलाच घाबरायला लागेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. वाऱ्याचं, कमी दाबाच्या पट्ट्याचं काहीतरी सांगावं असं मनात आलं, पण ते तिला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं.

"आई पण तवा टाकते," ती म्हणाली. "गारा पडतात तेव्हा. मनापासून म्हणते, थांब बाबा, कांदा उघड्यावर आहे. थांबतात का गारा?"

"न्हाई थांबत."

"मग तिचं ऐकत नाही आणि तुझं बरं ऐकलं."

"तुझी आई बडबड लई करती. देव बी कट्टाळत असंल," आत्या म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आलं. थोडंसंच. मग म्हणाली, "शेळीला टेम्पोत चढायची सवय न्हाई. तेवढं बघावं लागंल."

फोन ठेवल्यावर राजेश्वरी तिथेच थांबली. आत्याने जायची तयारी सुरू केली होती.

पोळ्याच्या दिवशी कंपनीला सुट्टी नव्हती. राजेश्वरीने रजा मागितली होती, मिळाली नाही. सकाळी बिभीषणचा फोटो आला. पालथा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाईल उघडला तर काहीच नव्हतं, ना फोटो ना मेसेज. तिने फोन लावला, उचलला नाही. आत्याला लावला, तो लागला नाही. डबा तिने उघडलाच नाही. घंटा व्हायला आली आणि व्हिडिओ कॉल आला.

पडद्यावर आधी काहीच कळेना, नुसतं राखाडी हलत होतं. मग बिभीषणचा आवाज. "ताई, दिसतंय का? थांब, मोबाईल पुसतो."

मग तवा दिसला. त्याच्या गंजलेल्या पाठीवर थेंब पडत होते, टपोरे, एकेक वेगळा ऐकू येईल असे, आणि कडेवरून तांबडं पाणी मातीत उतरत होतं.

"पालथाच हाय," बिभीषण म्हणाला. "मी हितंच हुतो सकाळपासनं. बैलाला सुद्दा भावानं नेलं, मी गेलो न्हाई. आबासाहेब बी हायत. बघ."

आबासाहेब डोक्यावर पोतं घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी गावातली बरीच माणसं पोळ्याच्या मिरवणुकीतून तशीच आलेली, अंगावर गुलाल ओघळलेला. सगळी तव्याकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, "भोक पडलं असंल तव्याला. बघा तरी."

"मंग बघ की उचलून," दुसरा म्हणाला. "आता कशाचं बारा वर्सं?"

कुणी उचलला नाही. बिभीषणने मोबाईल फिरवला. आत्या दारात उभी होती. मागे खोलीत बोचकं बांधून ठेवलेलं दिसत होतं. तिने आबासाहेबांना विचारलं, "मी र्‍हाऊ का जाऊ?"

आबासाहेब म्हणाले, "जातीस कुठं? भट्टीकडं कोन बघनार?" आणि पोतं सावरत निघून गेले. त्यापेक्षा जास्त काही कुणी बोललं नाही. माफी वगैरे तर नाहीच.

घंटा झाली. राजेश्वरीने मोबाईल जमा केला आणि कामावर गेली. पहिला शाफ्ट हातात घेतला, तेव्हा तो नीट मोजता यावा म्हणून तिला आधी डोळे पुसावे लागले.

पाऊस दोन दिवस होता. उडीद अर्धा वाचला. दूधवाला पोरगा परत यायला लागला. पण सगळं पहिल्यासारखं झालं म्हणावं तर तसंही नाही. गावात एक बोलणं राहिलंच, की दगडाबाईने तवा न उचलता पाऊस सोडला, म्हणजे ती केवढी पोचलेली असेल. गोजरबाईनेच दिवाळीनंतर तिला गाठलं. मुलीचं लग्न चैत्रात होतं, मांडव उघड्यावर. तेवढा दिवस पाऊस येणार नाही असं बघा म्हणाली. आत्या म्हणाली, मांडवावर कागद टाक. गोजरबाई डोळा बारीक करून, बरं बरं म्हणत गेली.

राजेश्वरीने कादंबरी बंद केली नाही. बिभीषण सोडायला तयार नव्हता. पण काजळमंडळ तिने तिथून हलवलं. आता त्या बाया समुद्रकाठच्या गावात राहतात आणि लाटा बांधतात. समुद्र राजेश्वरीने सहलीत एकदाच पाहिलाय. वाचणारे म्हणतात, पहिल्यासारखी मजा नाही. तिलाही ते माहीत आहे.

आत्या म्हणाली, "बिभीषण वाचून दावतो मला. पयली मी हुते म्हनं त्यात. आता कुठं गेले?"

"काढलं तुला."

"व्हय का? मला न इचारता घेतलं, न इचारता काढलं."

पुढच्या वैशाखात एका दुपारी तिचा फोन आला. राजेश्वरीला सुट्टी होती, ती खोलीवरच होती. सुप्यावरही आभाळ काळं होऊन आलं होतं.

"राजी, लई भरून आलंय गं. विटा सगळ्या कच्च्या हायत."

"कागद टाक त्यांच्यावर."

"कागद टाकलाय कवाच. तव्याचं बोल. टाकू का न्हको?"

राजेश्वरीने खिडकीतून बाहेर पाहिलं. डोळ्यापुढे तिला वाळत घातलेल्या विटांच्या रांगा दिसल्या, आत्याचं अंगण दिसलं, कुंपणाबाहेरून मोबाईल वर धरलेला कुणाचा तरी हात दिसला. नको म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं. पण तवा न टाकता विटा भिजल्या, तर आत्या ते वर्षभर मनाला लावून घेईल, हेही तिला माहीत होतं.

"टाक," ती म्हणाली. "पण अंगणात नको. आत टाक, दार लावून. आणि कुणी विचारलं तर नाही म्हण."